कच्चं खत

६ फेब्रुवारी

बाबा,

पत्राच्या सुरुवातीला काय लिहितात ते मला येतं. पण ते लिहायचा हक्क मी दुकानातून निघालो त्या दिवशीच घालवला. म्हणून नुसतं बाबा.

मी बरा आहे. राहायला संस्थेच्या आवारातच खोली मिळाली आहे. खिडकीला जाळी आहे, दाराला आतून कडी आहे, आईला एवढं सांगा. कामाचं म्हणाल तर शेतकऱ्यांना सेंद्रिय भाजीची रोपं तयार करायला शिकवतो. बी पेरण्याआधी वाफा कसा करायचा, ते. दहावीला दोनदा आपटलेल्या माणसाला इथे 'सर' म्हणतात. पहिले काही दिवस कोणी हाक मारली की मी मागे वळून बघायचो, की सर कोण आले.

तुम्हाला यातलं सगळं माहीत आहे, तरी मी कसं शिकवतो ते लिहितो. ढेकळं फोडून माती हाताने कुस्करायची. वाफा वीतभर उंच, गादीवाफा म्हणतात तो. रुंदी एवढीच, की कडेला बसून हात मधोमध पोचला पाहिजे, कारण वाफ्यावर पाय ठेवायचा नाही. पाय पडला की माती दबते आणि मुळांचा श्वास कोंडतो. हे सांगितल्यावर आमच्याकडचे मिशीवाले काका म्हणाले, "म्हणजे गादीसारखी गादी, पण तिच्यावर आडवं व्हायचं नाही. घरीही माझं तेच चाललंय." सगळे हसले. मीही हसलो, पण जरा उशिरा.

आमची पद्धत अशी आहे. संस्थेच्या जागेत एक नमुन्याचा वाफा करतो. त्यात प्रत्येक जण आपल्या हाताने एक ओळ पेरतो आणि टोकाला आपली खूण लावतो. कोणी बाटलीचं झाकण खोचलं, कोणी चमचा. शिंपीणकाकू म्हणून एक बाई आहेत, कपडे शिवतात. त्यांनी काठीला दोऱ्याचं रिकामं रीळ अडकवलं. मग तेच बी आणि आमच्या ढिगातलं तेच खत घरी न्यायचं आणि तसाच वाफा आपल्या जमिनीत करायचा. नमुना इथे, परीक्षा घरी.

दुकानातल्या त्या दिवसाबद्दल. फवारणीच्या औषधांविषयी माझं मत होतं तेच आहे. पण गिऱ्हाइकं उभी असताना 'तुम्ही विष विकता आणि त्याला औषध म्हणता' असं मी बोलायला नको होतं. निदान आवाज तेवढा चढायला नको होता.

जाता जाता एक विचारतो. इथल्या एका शेतकऱ्याची वांग्याची रोपं मातीलगत मानेशी बारीक होऊन आडवी पडत आहेत. तो हट्टी आहे, आमचं ऐकत नाही, औषधच टाकणार म्हणतो. बुरशीवरच्या पांढऱ्या पुडीचं कोवळ्या रोपांना प्रमाण किती? मला आठवतं ते मोठ्या झाडांचं आहे. त्याला चुकीचं सांगायला नको. लवकर कळवलंत तर बरं होईल.

तुमचा धाकटा


१७ फेब्रुवारी

बाबा,

तुमचा कागद मिळाला. दुकानाच्या पावतीच्या मागे प्रमाण, 'मुळाशी टाकणे, पानांवर नको', आणि दुसरा शब्द नाही. तरी तुमचं अक्षर बघून बरं वाटलं. सोबतचे हातमोजे त्या शेतकऱ्याला दिले. त्याला बरोबर बसले.

इथे सगळं छान चाललं आहे. नमुन्याचा वाफा तर असा आला आहे, की जाणारा-येणारा थांबतो. परवा मॅडम पाहुण्यांना घेऊन आल्या होत्या. मॅडम म्हणजे आमच्या संस्थेच्या प्रमुख. पाहुण्यांतल्या एका गृहस्थांनी वाकून विचारलं, "यात घालता तरी काय?" मी म्हणालो, "खत, पाणी आणि लक्ष." त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते दुसऱ्यांना सांगितलं. मॅडमनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला. सोबत फोटो आहे. आईला दाखवा. डोळे मिटलेले आले आहेत, त्याला इलाज नाही.

घरच्या वाफ्यांत काहींची थोडी पडझड आहे. लोक पाणी जास्त घालतात. सकाळी घाला, संध्याकाळी नको, झारीने घाला, बादलीने नको, सांगून सांगून माझा घसा बसला.

त्या शेतकऱ्याचं आता ठीक आहे. तो विषय संपला.

तुमचा धाकटा


२६ फेब्रुवारी

बाबा,

आज एका ठिकाणी गेलो होतो, ते तुम्हाला लिहावंसं वाटतं. दुसऱ्या कोणाला लिहिण्यासारखं नाही.

मागे लिहिलेल्या शिंपीणकाकूंकडे गेलो होतो. नवरा गेल्यापासून शिवणावर घर चालवतात. मशीन खिडकीशी ठेवलं आहे आणि खिडकीतून त्यांच्या जमिनीचा तुकडा दिसतो. जमीन तशी त्यांच्या नवऱ्याची आणि दिराची मिळून. दीर बांधकामाचा माल विकतो, त्याला तिथे विटा रचायच्या आहेत. काकूंनी भांडून त्याच्याकडून एक हंगाम मागून घेतला आहे. या हंगामात भाजी काढून दाखवली तर जमीन त्यांच्याकडे, नाहीतर विटा. हे मला आजच कळलं. आधी कळलं असतं तर, असं लिहिणार होतो. पण आधी कळलं असतं तरी काय झालं असतं, कोण जाणे.

त्यांच्या वाफ्यात मोजकी रोपं उभी होती. बाकीची एकमेकांवर पडलेली, देठ मातीशी काळे. वाफा मात्र असा केलेला, की मला शिकवायला तोच दाखवावा. कडा तर कापड कापावं तशा सरळ.

त्या म्हणाल्या, "सर, बी तेच. खत तेच. तुमच्या वाफ्यात माझीच ओळ ताठ उभी आहे, परवाच बघून आले. मग इथे आडवी का?"

मी म्हणालो, "पाणी जास्त झालं असेल."

"तुम्ही सांगितलं तेवढंच घातलं. झारीवर दोरा बांधून खूण केली आहे, या बघा."

मी खूण बघितली.

तेवढ्यात कुंपणापलीकडून दीर म्हणाला, "वहिनी, कपडे शिवा. मातीला टाके घालता येत नाहीत." माणूस वाईट नाही. असं बोलला आणि वाकलेला खांब धरून सरळही करून गेला.

मग काकूंनी आवाज खाली आणून विचारलं, "खरं सांगा सर. माझ्या हातात दोष आहे, की जमिनीत?"

आणि बाबा, मी म्हणालो, "जमिनीत असू शकतो."

त्यांनी मान हलवली. मला चहा करून दिला. मी तो प्यायलो.

याच्या पुढे आणखी लिहिलं होतं, पण इतकी खाडाखोड झाली की तो कागद फाडला. खाडाखोडीचं पत्र पाठवायला मला आवडत नाही.

तुमचा धाकटा


२ मार्च

बाबा,

हे आईला वाचून दाखवू नका.

तो हट्टी शेतकरी मीच. तुम्ही ते ओळखलं होतं. नाहीतर माझ्या मापाचे हातमोजे पाठवले नसते. माझे हात लहान आहेत हे तुमच्याशिवाय कोणाच्या लक्षात राहणार?

नीट क्रमाने सांगतो. संस्थेत खताचा मोठा ढीग आहे. शेण आणि पालापाचोळा. त्याची काळजी माझ्याकडे आहे. खत तयार झालं की नाही ते बघायची साधी रीत आहे. मूठभर ओलं खत पिशवीत घट्ट बांधून काही दिवस ठेवायचं. उघडल्यावर मातीचा वास आला तर तयार. आंबूस आला तर कच्चं. मी पिशवी उघडली तेव्हा आंबूस वास आला. ढिगात हात घातला तर आत ऊब होती, म्हणजे कुजणं अजून चालू होतं. असल्या खतात बुरशी माजते आणि कोवळी रोपं मानेशी धरते. हे मी दर वर्गात फळ्यावर लिहितो.

पण पाहुण्यांची तारीख ठरली होती. मॅडम म्हणाल्या होत्या, "तोवर वाफा हिरवा दिसला पाहिजे हं." थोडं थांबू या, एवढंच मी म्हणायचं होतं. मला वाटलं, हा अर्धवट शिकलेला मुलगा, याला जमत नाही, असं त्यांना वाटेल. म्हणून पिशवी फेकून दिली आणि म्हणालो, खत तयार आहे. सगळ्यांनी टोपल्या भरून नेलं. काकूंनी दोन खेपा केल्या.

पहिली रोपं पडली ती नमुन्याच्या वाफ्यात. ते कोणी बघायच्या आत मी बाजारातून पुडी आणली. तुमच्या दुकानातून नाही, एवढाच माझा ताठा. सगळे जेवायला गेले होते तेव्हा झारीत कालवून ओळीओळीने घातली. पडलेली रोपं उपटून त्या जागी कडेची जादाची लावली. वाफा सावरला.

आता त्या वाफ्याकडे बघून सगळे आपापल्या घरचं चुकलं कुठे ते शोधत आहेत. मिशीवाले काका सुनेवर ओरडले, की तिने रोपांवर भांड्यांचं पाणी ओतलं. तिने ओतलं नव्हतं. शिंपीणकाकूंचं तर तुम्हाला लिहिलंच.

तुम्ही पुडी देताना प्रत्येकाला वाचून दाखवता. यात काय आहे, किती दिवस भाजी तोडायची नाही, लहान मुलांपासून लांब ठेवा. लोक कंटाळतात, चला द्या लवकर म्हणतात, तरी तुम्ही शेवटपर्यंत वाचता. मला त्याची लाज वाटायची. मी मात्र तेच औषध कोणाला न सांगता टाकलं आणि वर म्हणालो, खत, पाणी आणि लक्ष.

काय करू ते विचारत नाही. फक्त तुम्हाला माहीत असावं.

तुमचा धाकटा


१३ मार्च

बाबा,

तुमचं पार्सल पोचलं. एवढ्या पुड्या, आणि वर चिठ्ठी: 'लोकांची रोपं आधी वाचव. वाटून टाक. कोणाचं काय चुकलं ते नंतर बघता येईल. जेवत जा.' मी ती खोलीत उभ्यानेच वाचली. मी तुम्हाला काय बोललो होतो आणि तुम्ही काय पाठवलंत.

खोटं लिहीत नाही, पहिला विचार मनात आला तो असा, की गुपचूप करता येईल. 'टॉनिक आहे' म्हणून सगळ्यांना वाटायचं. रोपं उठतील, काकूंची जमीन राहील, कोणाला पत्ता लागणार नाही. मी पिशवी घेऊन काकूंच्या दारापर्यंत गेलोही होतो.

त्या मशीनवर होत्या. खिडकीबाहेर वाफा नव्हता. सपाट माती.

"काढून टाकला," त्या मान वर न करता म्हणाल्या. "जमिनीतच दोष असेल तर उगाच कशाला. दिराला सांगितलं, आण विटा."

मी पिशवी तशीच घेऊन परतलो. बाबा, पुडीने उठवायला तिथे रोपच उरलं नव्हतं. माझ्या एका वाक्याने त्यांनी स्वतःच्या हाताने वाफा मोडला होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं. काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं, पण तो खिशातच ठेवला. ढीग कच्चा होता, मला माहीत होतं, नमुन्याच्या वाफ्यावर औषध आहे. एवढंच बोललो.

मग मिशीवाले काका म्हणाले, "म्हणजे आम्हाला कच्चं खत आणि तुम्हाला पक्कं औषध." कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. काका हसले नव्हते. "सुनेला काय काय बोललो मी," ते म्हणाले. "ते आता तुम्ही परत घेणार का?"

मागून एक जण म्हणाला, "ते जाऊ द्या. पुडी शिल्लक आहे का?"

मी तुमच्या पुड्या काढल्या. तुमच्यासारखं सगळं वाचून दाखवलं. हेही सांगितलं, की ही टाकली तर तो माल सेंद्रिय म्हणून विकता येणार नाही. तरी पाच-सहा जणांनी नेल्या. एक जण तर म्हणाला, "सर, हा वर्ग चांगला झाला." मला कुठे तोंड लपवावं ते कळेना.

शिंपीणकाकू मागच्या बाकावर होत्या. सगळे गेल्यावर उठल्या.

"म्हणजे माझ्या हातात दोष नव्हता."

"नव्हता."

"जमिनीतही नव्हता."

"नव्हता काकू."

"आणि हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं. माझ्या दारात उभं राहून. माझा चहा पिताना."

"हो."

त्यांनी कात्रीचं पाकीट पिशवीत टाकलं. "चला."

"कुठे?"

"दिराकडे. इथे बोललात ते तिथे बोला."

दीर वाळूच्या ढिगाशी उभा राहून गाडी भरून घेत होता. मी बोललो. त्याने मधे एकदाही तोडलं नाही, फावडंवाल्याला हाताने थांबवून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरं. तुझी चूक. धरली. आता मला एकच सांग. पुन्हा पेरलं तर उभं राहील? देतोस खात्री? तू हो म्हण, मी आख्खा हंगाम वाढवून देतो."

काकू माझ्याकडे बघत होत्या. बाबा, एक 'हो' पुरेसा होता. तो माझ्या तोंडात आलाही होता. पण हवा बिघडू शकते, कीड येऊ शकते, हंगामही उतरणीला लागला आहे. मी म्हणालो, "खत तयार असेल तर यायला पाहिजे. पण खात्री नाही देता येत."

"ऐकलंत वहिनी? मास्तरच हात वर करतोय." त्याने थोडा विचार केला. "विटा पुढच्या महिन्यात येतील. गाडी आली त्या दिवशी रोपं उभी दिसली, तर गाडी मागे फिरवीन. नाही दिसली, तर मला पुन्हा कोणी बोलायला यायचं नाही."

परत येताना काकू पुढे आणि मी मागे. त्यांच्या दाराशी आल्यावर त्या वळल्या.

"एक हो म्हणायला काय जिभेला काटे टोचत होते?"

मी पायरीवर पडलेला दोऱ्याचा तुकडा उचलायला वाकलो.

"खोटं बोलता येत नाही असंही नाही. पाहुण्यांसाठी बोललात, मॅडमसाठी बोललात, माझ्या दारात बोललात. नेमकं माझ्या गरजेलाच तुम्हाला खरं सुचलं!"

दार लावलं. आत मशीन सुरू झालं. बाबा, त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. मी बरोबर केलं असंही वाटत नाही. तुम्ही तिथे असतात तर काय म्हणाला असतात?

तुमचा धाकटा


१६ मार्च

बाबा,

मॅडमनी बोलावलं होतं. ओरडल्या नाहीत. "सांगायच्या आधी मला विचारायचं होतंस," एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "थांबू या, असं मला का नाही म्हणालास? मी काय खाल्लं असतं तुला?" शिकवण्याचं काम काढून घेतलं आहे. आता ढीग उलटायचा, खत चाळायचं. नमुन्याच्या वाफ्याला पाटी लावली, औषध मारलं आहे म्हणून. अक्षर चांगलं आलं आहे. पाटीखालून लोक रोपं उपटून नेत आहेत.

आज सकाळी ढिगापाशी गेलो तर शिंपीणकाकू आधीच येऊन उभ्या होत्या. हातात टोपली. मी नमस्कार केला, त्यांनी घेतला नाही. सर म्हणाल्या नाहीत. ढिगाकडे बोट केलं.

"हात घाला. माझ्यासमोर."

मी बाही दुमडली आणि कोपरापर्यंत हात घातला. वर गार होतं. मधे गार होतं. मला वाटलं, झालं. विटांची गाडी यायच्या आत रोपं उभी राहायची तर आजच वाफा केलेला बरा, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी बोटं आणखी आत रेटली. अगदी तळाशी, बोटांच्या टोकांना, ऊब लागली. अगदी थोडी. दुसऱ्या कोणाला जाणवलीही नसती.

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"गरम आहे," मी म्हणालो. "अजून नाही."

"किती दिवस?"

"माहीत नाही. मी रोज उलटतो. पण माहीत नाही."

मला वाटलं, आता निघून जातील. त्यांनी स्वतःचा हात घातला, मी घातला होता त्याच भोकात. बराच वेळ तसाच ठेवला. मग बाहेर काढून झटकला, टोपली पालथी घातली आणि तिच्यावर बसल्या.

"उलटा मग," त्या म्हणाल्या. "मी बघते."

मी फावडं घेतलं. दुपारपर्यंत उलटत होतो. खालचं वर, वरचं खाली. त्या शिवायला आणलेल्या शर्टाला गुंड्या लावत होत्या आणि मधूनमधून मान वर करून बघत होत्या, मी कुठे अंग चोरतो का ते.

आता हात धुऊन हे लिहायला बसलो आहे. विटांची गाडी आधी येईल की खत आधी गार होईल, सांगता येत नाही. खिडकीतून ढीग दिसतो. त्या अजून तिथेच आहेत.

तुमचा धाकटा